एकोणसत्तर म्हणजे नक्की किती?

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं मॅडम तीनदा म्हणाल्या आणि तिन्ही वेळा मी "हो मॅडम, सबमिशन्स झाली की देते" म्हणून सटकले. कारण सरळ आहे. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी बोललं की दोन रुपये फाईन, आणि मराठीचा तास असायचा तो जेवणाच्या सुट्टीनंतर, ऐन झोपेच्या वेळी. माझ्या ऱ्हस्व-दीर्घाबद्दल लेडीज हॉस्टेलमध्ये जे काही बोललं जातं ते सगळं खरं आहे. शेवटी रूममेटच म्हणाली, "अगं, ते चावीचं लिही ना. रात्री दोन वाजता मॅगी खाताना आम्हाला सांगितलंस तसंच लिही." म्हणून लिहितेय. शुद्धलेखन मॅडमनी तपासलंय. बाकी जबाबदारी माझी.

आमचं घर कराडला. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. तिसरी-चौथीच्या पोरांकडून पाढे घोकून घेण्यात त्यांची नोकरी चालली आहे, आणि स्वतःच्या दोन्ही पोरांना मात्र त्यांनी इंग्लिश मीडियमला घातलं. का, ते विचारायचं नाही. आमच्याकडे बऱ्याच गोष्टी विचारायच्या नसतात. त्यातलीच एक म्हणजे दादा.

दादा मेकॅनिकलला होता. (आपल्या कॉलेजात नाही, उगाच शोधाशोध नको.) सेकंड इयरला केट्या, थर्ड इयरला इयर डाऊन, आणि मग एक दिवस घरी येऊन म्हणाला की मी हे सोडतोय, पुण्यात मित्राच्या बाईकच्या वर्कशॉपमध्ये काम करणार. दोन तास नुसते आवाज चालू होते. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसले होते, एक ओळ वाचली असेल तर शपथ! शेवटी बाबांचा आवाज आला, "जायचं तर किल्ली ठेवून जा." दादाने घराची किल्ली टीव्हीच्या खाली ठेवली आणि गेला. ही २०२४ च्या ऑगस्टमधली गोष्ट. तेव्हापासून आई त्याच्याशी फोनवर बोलायची ती बाबा अंघोळीला गेले की. मी बोलायचे. बाबा नाही.

आता, आमच्या घरात घराची ती 'किल्ली' आणि गाडीची ती 'चावी'. बाबांनी किल्ली मागितली, दादाने किल्ली दिली. गाडीची दुसरी चावी त्याच्या सॅकच्या आतल्या कप्प्यात होती ती तशीच पुण्याला गेली. आठवड्याभरात सगळ्यांच्या लक्षात आलं. बाबांनी ती परत मागितली नाही, दादाने पाठवली नाही, आणि मी तर बोलायचा प्रश्नच नव्हता.

गाडी म्हणजे २०११ सालची पांढरी आय-टेन. शिक्षक सोसायटीचं कर्ज काढून घेतलेली. दादा तिच्यावरच गाडी शिकला आणि त्याने मला शिकवली.

२०२५ ची भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती. दादा आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांकडून चावी मागून घेतली आणि शाळेतल्या दोन मैत्रिणींना घेऊन प्रीतिसंगमावर गेले. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, कृष्णा आणि कोयना इथे अगदी समोरासमोर येऊन भेटतात आणि मग दोघी मिळून काटकोनात वळून पूर्वेला जातात. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे. तर आम्ही पायऱ्यांवर बसून पाण्यात पाय सोडले, आणि उठताना माझ्या कुर्त्याच्या खिशातून (मुलींच्या कुर्त्याला दोन बोटं खोल खिसा शिवणारे लोक नक्की काय विचार करतात, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे) काहीतरी घसरलं आणि... डुबुक!

अर्धा तास शोधलं. पोहायला आलेल्या एका मुलाने दोन बुड्या मारल्या आणि एक स्टीलचा चमचा काढून दिला.

आईला फोन केला. आईने तो बाबांकडे दिला. बाबा एवढंच म्हणाले, "बरं. गाडीजवळच थांब." रागावले असते तर परवडलं असतं.

सगळ्यात सोपा उपाय सगळ्यांनाच दिसत होता. पुण्यातून दादाने चावी घेऊन एसटीत बसायचं, दुपारपर्यंत कराड. मला ते सुचलं, आईला तर नक्कीच सुचलं असणार. कोणी बोललं नाही. बाबांनी चावीवाल्या चाचांना फोन केला.

चाचांना मी लहानपणापासून बघतेय. एसटी स्टँडजवळ छत्री लावून बसायचे, समोर चाव्यांचा ढीग, हातात कानस. त्यांची दोन्ही मुलं बाबांच्या हाताखाली शिकली. आता छत्री आहेच, पण स्कूटरच्या डिकीत चावी कापायचं छोटं मशीन आणि टॅबसारखं एक यंत्रही आहे. आल्या आल्या गाडीला हात लावायच्या आधी म्हणाले, "ताई, आधी आरसी दाखवा." मी म्हटलं, "अहो चाचा, तुम्ही ओळखता की आम्हाला!" तर म्हणाले, "वळखतो की. गुरुजींची गाडी हाय. तरी बी दाखवा." बाबांनी आरसीचा फोटो पाठवल्यावरच त्यांनी पिशवी उघडली.

दाराच्या कुलपात एक पातळ हत्यार घालून त्यांनी दार तर उघडलंच, शिवाय आतल्या पट्ट्या किती खोलीवर बसतात तेही वाचून घेतलं. त्या मापावर कोरी चावी कापली. एवढ्याला वीस मिनिटं. नवीन चावी इग्निशनमध्ये बसली, गर्रकन फिरली, स्टार्टर चालला... आणि इंजिन काही पेटेना.

"झाली की चावी," मी म्हटलं.

"चावी झाली ताई. वळख व्हायची ऱ्हायली."

इथे मला थांबून जरा शायनिंग मारू द्या, कारण हा आपला ई अँड टीसीचा विषय आहे. सेकंड इयरच्या व्हायवात मला एक्स्टर्नलने म्युच्युअल इंडक्टन्सचं रोजच्या जीवनातलं उदाहरण विचारलं होतं. मी 'ट्रान्सफॉर्मर' म्हणाले. ते म्हणाले, अजून एक. मी म्हणाले, 'मोठा ट्रान्सफॉर्मर.' आणि उदाहरण रोज बाबांच्या खिशात होतं! चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात तांदळापेक्षा थोडी मोठी एक चिप असते, तिला बॅटरी नसते. इग्निशनच्या कुलपाभोवती एक कॉईल गुंडाळलेली असते. चावी फिरवली की ती कॉईल साधारण १२५ किलोहर्ट्झचं क्षेत्र तयार करते, त्यावरच चिप जागी होते आणि आपली ओळख सांगते. ओळख पटली तर इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल आणि स्पार्क सोडतो. नाही पटली तर बसा स्टार्टर फिरवत. म्हणजे धातूची चावी फक्त कुलूप फिरवते, गाडी चालू करतो तो आकडा.

बऱ्याच गाड्यांत ही ओळख परेडही साधी नसते. गाडी चिपला एक रँडम नंबर देते, चिप आपल्याजवळच्या गुप्त किल्लीने (ही सॉफ्टवेअरमधली) त्याचं उत्तर काढते, गाडी ते तपासते. पुढच्या वेळी प्रश्न वेगळा. त्यामुळे मागचं उत्तर चोरून ऐकलं तरी फायदा नाही. मागच्या बॅचची व्हायवाची उत्तरं पाठ करून गेलं की आपलं होतं तेच चोराचं होतं.

हॉस्टेलला परत आल्यावर मी यावर जरा वाचलं. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स आणि आरएसएच्या संशोधकांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची अशीच एक चिप फोडून दाखवली होती. तिची गुप्त किल्ली फक्त ४० बिटची होती. २०१२ मध्ये ४८ बिटच्या हायटॅग-२ ची गत तीच झाली. आणि मेगामॉस नावाच्या चिपवरचा पेपर २०१३ मध्ये फोक्सवॅगनने लंडनच्या हायकोर्टात जाऊन थांबवला, तो छापून यायला २०१५ उजाडलं. ज्यांना सेमिनारला टॉपिक मिळत नाहीये त्यांनी इथून उचलावा. मला फक्त चहा पाजा.

आणि दाराच्या रिमोटचं प्रकरण याहून वेगळं, हे मलाही माहीत नव्हतं. रिमोटला सेल लागतो, आपल्याकडे तो साधारण ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतो आणि दर दाबाला नवीन कोड पाठवतो. चिप आणि रिमोट एकाच प्लास्टिकमध्ये नांदत असले तरी शेजारी आहेत, घर एक नाही. म्हणून सेल संपला तरी गाडी चालू होते. मायक्रोचिपच्या रोलिंग कोडच्या जुन्या आयसीत रिसीव्हर पुढचे सोळा कोड बिनतक्रार मान्य करतो. कोणी लांब बसून खेळ म्हणून वीसदा बटण दाबलं, तर पुढच्या वेळी लागोपाठ दोनदा दाबून ओळख जुळवून घ्यावी लागते. आमच्या चावीला बटणंच नाहीत, त्यामुळे ती भानगड नव्हती. असो.

चाचांनी स्टिअरिंगखालच्या सोळा पिनच्या सॉकेटमध्ये वायर खोचली आणि म्हणाले, "आता पिन लागंल. सहा आकडी. बहुतेकांकडं नसतो, चॅसी नंबरावरनं काढावा लागतो. गुरुजींकडं असंल."

असंल काय, होताच. गाडी घेतली त्या दिवशी बाबांनी तो डायरीत लिहून ठेवला होता. फोनवर त्यांनी मास्तरांच्या आवाजात, दोन-दोन आकडे करून सांगितला. खरा पिन इथे देत नाही, गाडी अजून आमच्याकडेच आहे. पण त्यात एक 'एकोणसत्तर' होता आणि एक 'एकोणऐंशी'.

हसू नका. माझ्या डोक्यात हिशोब सरळ होता. सत्तर म्हणजे सेव्हन्टी, एकोण म्हणजे नऊ, म्हणून एकोणसत्तर म्हणजे सेव्हन्टी नाईन. त्याच न्यायाने एकोणऐंशी म्हणजे एटी नाईन. मी चाचांना ऐटीत इंग्लिशमध्ये आकडे सांगितले. चुकीचा पिन. चाचा म्हणाले, "परत इचारा." परत विचारलं. बाबांनी तेच सांगितलं, जरा सावकाश. मला वाटलं मी पहिला आकडा चुकीचा ऐकला असणार. मी पहिला बदलला, दुसरा तसाच ठेवला. पुन्हा चूक. "बाबा, इंग्लिशमध्ये सांगा" एवढं वाक्य बोलायचं होतं. पण ज्या माणसाची चावी आपण नुकतीच कृष्णेत सोडली आहे, जो आयुष्यभर पोरांना शंभरपर्यंत अंक शिकवतोय, त्याला हे कसं सांगणार? चाचा म्हणाले, "थांबा, गुरुजींना माझ्याशी बोलू द्या." तेवढ्यात मी स्वतःच तिसरं कॉम्बिनेशन टाकून ओके दाबलं. इंजिनिअर ना मी!

यंत्रावर काहीतरी लाल आलं. चाचांनी डोक्याला हात लावला.

"तीनदा चुकला ताई. आता गाडी एक तास आपलं ऐकणार न्हाई."

मी म्हटलं, बॅटरी काढून लावू या, रीसेट होईल. आपल्या ब्रँचचा रामबाण उपाय. चाचा म्हणाले, "काढा. मग तास परत पहिल्यापासनं मोजंल." मी गप्प बसले.

बाबा रिक्षाने आले, डायरी घेऊन. चाचांनी पिन बघितला, माझ्याकडे बघितलं आणि कौतुकास्पद सभ्यपणा दाखवून काही बोलले नाहीत. मीच कबूल केलं. बाबा बराच वेळ नदीकडे बघत होते. मग म्हणाले, "साठ नऊ."

हे कळायला थोडा इतिहास लागेल. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्या 'वीस एक', 'साठ नऊ' अशा वाचायची पद्धत दिली होती. पोरांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो म्हणून. मंगला नारळीकर त्या गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या आणि त्यांनी हा बदल का केला ते शांतपणे समजावून सांगितलं होतं. महाराष्ट्रभर गदारोळ झाला. सगळ्यात मोठा गदारोळ आमच्या घरात झाला. बाबा महिनाभर जेवताना तावातावाने बोलत होते, भाषेची वाट लावली म्हणून. आणि आता त्यांच्या स्वतःच्या मुलीने एकोणसत्तरपायी गाडी बंद पाडली होती. "बाईंचं अगदीच चूक नव्हतं," बाबा म्हणाले. एवढंच. पण ते हसले, हे मी शपथेवर सांगते.

एक तास होता. भेळ खाल्ली. चाचांनी मुलांची खुशाली सांगितली. एक दुबईत आहे, दुसरा त्यांच्याबरोबर हेच काम करतो. आणि मग त्यांनी सहज विचारलं, "गुरुजी, दुसरी चावी कुठाय?"

बाबा काही बोलले नाहीत.

"न्हाई, एवढ्यासाठी इचारतो की ह्या गाडीत शिकवणी सुरू केली की जुन्या चाव्या सगळ्या पुसल्या जात्यात. एका टायमाला चार शिकवता येत्यात. जी इथं हजर, ती लागू. जी न्हाई, ती बाद. दार उघडंल तिनं, पर इंजिन न्हाई पेटणार."

मी पटकन म्हटलं, "काही गाड्यांत नुसती नवीन वाढवता येते ना?" ते म्हणाले, येते, पण ह्यात नाही.

बाबांनी डायरी उघडली, बंद केली. "नंतर आणली तर?"

"नंतर मग सगळ्या घेऊन या, परत पहिल्यापासनं शिकवू."

हरवलेली चावी पुसली जाणं चांगलंच असतं. कोणाला सापडली तरी गाडी नेता येत नाही, त्यासाठीच ही सोय केलेली आहे. सर्व्हिस मॅन्युअल लिहिणाऱ्याला काय माहीत की चावी हरवलेली नसून नुसती पुण्याला असू शकते! मला तेव्हा सारखं वाटत होतं की बाबांनी म्हणावं, दादाला फोन लाव. मी फोन हातात धरून बसले होते. वर्षभर एकही शब्द न बोलता जी गोष्ट तशीच राहू दिली होती, ती आता एका बटणाने निकालात निघणार होती, आणि तेही माझ्यामुळे.

बाबांनी फोन लावायला सांगितलं नाही. "तीन करा," ते म्हणाले.

"दोन बास होतील गुरुजी, उगाच खर्च..."

"तीन करा."

चाचांनी आणखी दोन कोऱ्या चाव्या कापल्या. तास संपल्यावर बाबांनी स्वतः यंत्रावर एकेक आकडा टाकला, मला हात लावू दिला नाही. पहिली चावी फिरवली, यंत्राने ओळखली. दुसरी. तिसरी. प्रत्येकीला काही सेकंद. माझ्या पर्समध्ये चॉकलेटची चांदी होती. ती मी एका चावीच्या डोक्याभोवती गुंडाळून बघितली, तर गाडी पुन्हा अनोळखी! चांदी काढली, चालू. बाबा वाकून बघत होते. म्हणाले, "परत कर." मी परत केलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः चांदी गुंडाळली. चौथीच्या वर्गाला दाखवणार म्हणाले. गाडी वर्गात कशी नेणार ते विचारलं नाही.

सुट्टी संपून निघताना बाबांनी माझ्या हातात एक खाकी पाकीट दिलं. वर त्यांच्या वळणदार अक्षरात तारीख आणि 'चावी क्र. ३'. शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला लिहितात तसं. कोणाला द्यायची ते ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

कॉलेजला येताना मी पुण्यात गाडी बदलते. दादा स्वारगेटला आला, नखांत ग्रीस, डोळे लाल. मी पाकीट दिलं. त्याने वरचं अक्षर बघितलं आणि बराच वेळ ते उघडलंच नाही. मग मी त्याला सगळं सांगितलं, चमच्यापासून चांदीपर्यंत. एकोणसत्तरला तो इतका हसला की शेजारचे कंडक्टर बघायला लागले.

"म्हणजे माझी जुनी आता चालणार नाही?"

"दार उघडेल. चालू नाही होणार."

त्याने खिशातून किचेन काढलं. जुनी चावी त्यावरच होती, वर्कशॉपच्या शटरच्या किल्लीशेजारी. त्याने नवीन चावी त्याच कडीत अडकवली. मी म्हटलं, जुनी काढून टाक, दोन्ही सारख्याच दिसतात, गोंधळ होईल. तो म्हणाला, राहू दे.

हे लिहीपर्यंत तो काही कराडला गेलेला नाही. वर्कशॉपमध्ये काम आहे म्हणतो, असेलही. पण आईला फोन करायला आता बाबांच्या अंघोळीची वाट बघावी लागत नाही. परवा तर ती बोलत असताना मागून बाबांचा आवाज आला म्हणे, त्याला विचार, गाडीचा क्लच जड लागतोय, काय करायचं.